स्वतःचं पाणी घेऊन येणारे साडू

आमच्या साडूंनी आयुष्यात फुकट अशी एकच गोष्ट घेतली, ती म्हणजे श्वास. आणि तोही मोजून घेतला. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. ते मला 'धाकटे' म्हणतात. मूळ शब्द 'धाकटे जावई' असा होता, पण त्यातला जावई त्यांनी माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी गाळला, आणि माझा एकंदर वकूब पाहता मीही तक्रार केली नाही. गिरीज गावात त्यांची केळी-नारळाची वाडी. जन्मभर नोकरी केली ती एका कारखान्यात, पंखे आणि हवेचे पाइप सांभाळण्याची. निवृत्त झाल्यावर इतर लोक ज्या वयात ज्येष्ठ नागरिकांच्या सहलींना नावं देतात, त्या वयात हे गृहस्थ अभ्यासाला बसले, परीक्षा दिली आणि घरातली हवा तपासणारे सर्टिफिकेटवाले तपासनीस झाले. बंद खोलीत दमटपणा किती, धूळ किती, बुरशी कुठे लपली आहे, माणसांनी सोडलेला श्वास खोलीत किती साचला आहे, हे यंत्राने मोजायचं आणि लेखी सांगायचं, हा त्यांचा नवा उद्योग. सर्टिफिकेट त्यांनी फ्रेम करून घेतलं, पण लावलं ते कपड्यांच्या कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने. मी विचारलं, "भाऊजी, हॉलमध्ये लावा की, चार लोकांना दिसेल." तर म्हणाले, "ते चार लोकांनी बघायचं नाही, धाकटे. रोज सकाळी शर्ट काढताना मी बघायचं." त्या सर्टिफिकेटाबरोबर नियमांचा एक कागद आला होता. असे कागद आपल्यालाही येतात. आपण सही करतो आणि विसरतो. भाऊजींनी तो पाठ केला, आणि त्यात काही कमी वाटलं म्हणून स्वतःचे चार नियम वर घातले.

त्यातला पहिला पाण्याचा. ज्या घराचं काम चालू आहे त्या घरचा चहाच काय, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. रिपोर्ट मालकाच्या हातात पडेपर्यंत ते घर 'उघडं' आणि तोवर तोंड बंद. खांद्यावरच्या पिशवीत यंत्रांबरोबर स्टीलची एक बाटली असायची, गिरीजच्या विहिरीच्या पाण्याची. लोक आग्रह करायचे, भाऊजी हात जोडायचे. "गॅस पेटला की आकडा हलतो," हे कारण ते लोकांना सांगत. मला खासगीत सांगितलेलं कारण वेगळं होतं. "चहा घेतला की माणूस बरा वाटायला लागतो, धाकटे. माणूस बरा वाटला की त्याची भिंतही बरी वाटायला लागते." पण रिपोर्ट दिला की त्याच दारात उभं राहून, "आता चहा टाका," असं हक्काने सांगत. एका घरी रिपोर्ट दिला तेव्हा घरात दूध नव्हतं. पंधरा दिवसांनी हे पुन्हा हजर. घरातल्या बाई घाबरल्या, की अजून काय सापडलं. "काही नाही," म्हणाले, "तुमच्याकडचा चहा राहिला होता."

दुसरा नियम, आपण शोधलेल्या दुखण्यावरचं औषध आपण विकायचं नाही. हवा शुद्ध करायच्या मशिनी विकणारा एक माणूस त्यांच्या घरी एक मशीन भेट म्हणून ठेवून गेला. भाऊजींनी ते खोकंही न फोडता केळीच्या टेम्पोतून परत धाडलं. त्यांच्या रिपोर्टात उपायाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असायचा, 'खिडकी'. लोक हिरमुसायचे. इतकी यंत्रं फिरवून, तीन तास घरभर चालून, खिडकी? "खिडकी उघडा हे आमची आजीपण सांगायची," असं एकाने तोंडावर म्हटलं. भाऊजींनी विचारलं, "मग ऐकलं का नाही?"

डॉक्टरांच्या हद्दीत पाय टाकायचा नाही, हा तिसरा. कुणी विचारलं, की आमच्या बाळाचा खोकला या हवेनेच का, तर म्हणत, "मी हवेचा माणूस. छातीचा माणूस वेगळा असतो." यात ते इतके काटेकोर, की एकदा मी त्यांच्यासमोर ओळीने सात वेळा शिंकलो आणि म्हणालो, सर्दी झाली वाटतं. तर म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही. तुम्ही सात वेळा शिंकलात एवढं मी सांगू शकतो." आणि गुप्तता तर अशी, की लग्नाच्या मांडवात त्यांच्याकडून घर तपासून घेतलेला कुणी समोर आला तर हे ओळखच दाखवत नसत. एक गृहस्थ त्यावरून कायमचे रागावले. भाऊजींचं म्हणणं, "त्यांच्या बाथरूमची भिंत मला माहीत आहे, हे मांडवात कशाला दिसायला हवं?"

कामणच्या एका गोदामाची गोष्ट मात्र मी मुद्दाम सांगतो. तिथल्या कामगारांची डोकी दुखायची. मालक म्हणाला, रविवारी या, शांतपणे मोजता येईल. भाऊजी सोमवारी गेले, भर कामाच्या वेळी, गाड्या आत-बाहेर करत असताना. मालक चिडला. भाऊजी त्याला म्हणाले, "रविवारी आकडा चांगलाच येणार, शेठ. रविवारी आत कुणी नसतं. रिकाम्या खोलीची हवा नेहमीच चांगली असते, पण ती कुणाच्या कामाची?" रिकाम्या खोलीत मोजणं ही त्यांच्या मते या धंद्यातली सगळ्यात सभ्य दिसणारी लबाडी. एखादी खोली नाइलाजाने रिकामी असताना मोजावी लागली, तर रिपोर्टाच्या तळाशी स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात शेरा मारत: 'खोली वापरात असताना पुन्हा मोजावे.'

आणि शेवटचा नियम, नातेवाइकांचं घर तपासायचं नाही. दर रविवारी बायकोची ताई आणि भाऊजी आमच्या नायगावच्या फ्लॅटवर जेवायला येत. आमचा टॉवर खाडीच्या बाजूला, सातवा मजला. भाऊजी शर्टाच्या खिशातलं छोटं यंत्र काढून दाराबाहेर चपलांच्या रॅकवर ठेवत आणि मगच आत येत. आत मग ते फक्त माझे साडू. कोळंबीचं भुजणं दोनदा मागून घ्यायचे, ताईशी वाडीतल्या त्यांच्या घरच्या बोलीत असं काही भराभर बोलायचे, की इतक्या वर्षांनी मला त्यातलं अर्धंही कळत नाही. जेवून झालं की माझ्या पोटाकडे बघून म्हणायचे, "धाकटे, आता खाडीकडचे वारे अडायला लागले हो." मी शाळेत भूगोल शिकवतो. जगातले वारे कुठून कुठे वाहतात ते मी वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढून दाखवत आलो आहे. पण माझ्याच बेडरूमच्या भिंतीला बाहेरून ओल येते आणि आतून बुरशी धरते, हे मला भाऊजींनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. यंत्र बाहेर ठेवता येतं, नाक बाहेर ठेवता येत नाही, असं ते म्हणाले होते. "साडू म्हणून सांगतो, त्या भिंतीकडे बघा." मी बघितलं. म्हणजे रंगाऱ्याला बोलावलं.

त्याच सुमाराला गिरीजला भाऊजींच्या वाडीला लागून एक छोटं बैठं घर विकायला निघालं. तीन खोल्या, मागे विहीर, आणि दोन्ही वाड्यांच्या मधल्या कुंपणात एक फट, जिच्यातून बहिणी-बहिणी वाटीभर आमटी इकडून तिकडे करू शकतील. बायकोने ते घर एकदाच पाहिलं आणि परत येताना रिक्षात कपडे वाळत घालायची दोरी कुठून कुठे बांधायची ते ठरवलंसुद्धा. मी ओट्याची जागा ठरवली. संध्याकाळी मी आणि भाऊजी तिथे बसणार, ते हवेविषयी बोलणार आणि मी कळल्यासारखी मान हलवणार. फक्त आधी आमचा फ्लॅट विकला जायला हवा होता. भिंतीला नवा रंग दिला, आणि हॉलमधलं मोठं लाकडी कपाट ढकलून त्या भिंतीपुढे उभं केलं. "कपाट तिथेच शोभतं," बायको म्हणाली. आम्ही दोघांनी त्या कपाटाकडे बराच वेळ कौतुकाने बघितलं. एकमेकांकडे बघायचं टाळायला ते बरं पडलं.

फ्लॅट बघायला एक तरुण जोडपं आलं. बरोबर चार-पाच वर्षांची मुलगी. खाडी दिसते म्हणून त्यांना घर फार आवडलं. मुलीच्या आईच्या पर्समधून दम्याच्या पंपाचं निळं टोक बाहेर आलं होतं. ते मला दिसलं. दिसलं नाही असं मी ठरवलं, हे इथे लिहून टाकतो म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. दोन दिवसांनी त्या तरुणाचा फोन आला. आवाज आनंदी. म्हणाला, "सर, मुलीमुळे आम्ही घराची हवा तपासून घेणार होतो. आमच्या डॉक्टरांनी ज्यांचा नंबर दिला ते तुमचेच साडू निघाले. पत्ता ऐकल्याबरोबर म्हणाले, ते घर माझ्या नात्यातलं आहे, मी हे काम घेऊ शकत नाही, दुसऱ्या दोघांचे नंबर देतो. काय माणूस आहे, सर. ही म्हणाली, एवढ्या सरळ माणसाच्या नातेवाइकांचं घर, त्यात काय तपासायचं? आम्ही तपासणी रद्दच केली."

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. रविवारी भुजणं वाढून झालं आणि मी भाऊजींना ही बातमी दिली, वर म्हणालो, "तुमच्यामुळे काम झालं, भाऊजी. आता शेजारी येतो तुमच्या." भाऊजींचा घास हातातच राहिला. तो त्यांनी हळूच ताटात ठेवला. मग उठले, हात धुतले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. "मी नाही म्हणालो," तिथूनच म्हणाले, "आणि त्यांनी ते हो असं ऐकलं." जाताना रॅकवरचं यंत्र घ्यायला विसरले. मी खाली जाऊन दिलं.

पुढच्या रविवारी ते आले तेव्हा खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत स्टीलची बाटली. टेबलावर बसले, ताट उपडं घातलं, बाटलीतलं पाणी प्यायले आणि पिशवीतून घरच्या वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी काढून खाल्ली. माझ्या बायकोचा चेहरा बघण्यासारखा झाला. "माझ्या हातचं कडू लागायला लागलं का, भाऊजी?" "नाही गं," ते म्हणाले, "तुझं घर उघडं आहे सध्या." ताई मात्र शांतपणे दुसऱ्यांदा भात घेत होती. "त्यांचं सर्टिफिकेट आहे, माझं नाही. मला कोळंबी वाढ," म्हणाली. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी खाडीकाठच्या गावच्या. त्यांनी आपलं दाराआडून विनवलं, "दादा, पानी तरी घ्या. पान्यानं काय होतं?" भाऊजी म्हणाले, "पाण्यानेच सगळं होतं, मावशी. आत त्या भिंतीला विचारा."

मी त्यांना गॅलरीत घेतलं. म्हटलं, "तुम्हाला इतकं वाटतं, तर तुम्हीच सांगा त्यांना."

"मला सांगता येत नाही. मला ते कळलं तुमच्या घरी जेवताना. साडू म्हणून कळलेलं तपासनिसाने बोलायचं नसतं."

"मग गप्प बसा."

"गप्पच बसलोय. पण जेवत जेवत गप्प बसता येत नाही, धाकटे."

"आणि ते गिरीजचं घर? ते हातचं जाईल ना."

त्यांनी खाडीकडे तोंड केलं. "मी ओट्यासाठी लादी बघून ठेवलीय," एवढंच म्हणाले.

असे तीन रविवार गेले. माणूस रागावून यायचा बंद झाला असता तर मला सोपं गेलं असतं. मीही रागावलो असतो, दिवाळीला कुणीतरी मध्ये पडलं असतं आणि मिटलं असतं. पण हे ठरल्या वेळी यायचे, बायकोची चौकशी करायचे, माझ्या शाळेतल्या रटाळ गोष्टी ऐकून हसायचे, आणि समोर ती बाटली. मी जेवायचो खाली मान घालून. भुजण्याला कधी नव्हे ती कसलीच चव लागेना. तिसऱ्या रविवारी ते बाटली टेबलावर विसरून गेले. संध्याकाळी बायकोने ती घासली, उलटी करून ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून म्हणाली, "त्या मुलीच्या आईला बोलवा."

ती दोघं मंगळवारी आली, मुलीला घेऊन. मी म्हणालो, एक दाखवायचं राहिलं होतं. कपाट हलवायला गेलो तर ते जागचं हलेना. ते ठेवताना मला जो जोर आला होता तो कुठे गेला कोण जाणे. शेवटी तो तरुणच पुढे झाला, "थांबा सर, कंबर धरेल," म्हणाला, आणि त्याच्याच मदतीने मी माझी भिंत उघडी केली. नव्या रंगाला फुगे आले होते, कोपऱ्यात काळी बुरशी थेट छतापर्यंत चढली होती, आणि कपाटाच्या पाठीलाही तिचे ठिपके. आई मुलीला उचलून आधी गॅलरीत गेली. तरुण म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलंत हे..." आणि पुढचा शब्द त्याला मिळाला नाही. मलाही मिळाला नसता. चांगलं केलंत म्हणावं, तर तीन आठवडे उशीर झाला होता. ती तिघं निघून गेली. गिरीजचं घर पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणीतरी घेतलं. नव्या मालकांनी पहिलं काम केलं ते कुंपणातली फट बुजवण्याचं.

भाऊजींना काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. एवढा तरी मोठेपणा मिरवायचा नाही म्हणून. रविवारी ते आले, रॅकवर यंत्र ठेवलं आणि उंबऱ्यात थबकले. हॉलमध्ये परत आलेलं कपाट पाहिलं. आतून खरवडलेल्या गिलाव्याचा वास येत होता. मी विसरलेली बाटली पुढे केली. ती त्यांनी पिशवीत टाकली आणि म्हणाले, "तुमचं पाणी द्या." एक पेला प्यायले. दुसरा मागितला. मग टेबलाशी बसून ताट सुलटं करत म्हणाले, "भुजणं आहे का?" बायको स्वयंपाकघरातून काही वेळ बाहेरच आली नाही, आणि आली तेव्हा पातेलंच घेऊन आली. त्या दिवशी भाऊजींनी तीनदा वाढून घेतलं. उठताना फक्त म्हणाले, "शेजारी आला असतात तर रोज ओट्यावर बसलो असतो, धाकटे." घर हातचं गेल्याबद्दल ते बोलले ते एवढंच.

त्यानंतर दीडेक वर्ष सगळे रविवार जागेवर होते. मग ताईचे गुडघे गेले. नाशिकला त्यांची मुलगी असते, तिने दोघांना सहा महिन्यांसाठी म्हणून नेलं, आणि ते सहा महिने अजून संपलेले नाहीत. वाडी पुतणे बघतात. निघायच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे जेवायला झाडून सगळे आले होते, त्यांचे पुतणे, सुना, माझा मुलगा, मावशीही. भाऊजी दाराशी आले आणि पहिल्यांदाच यंत्र रॅकवर न ठेवता आत घेऊन आले. "आता काम बंद केलं मी," म्हणाले, "आता नातेवाइकांचं मोजायला हरकत नाही." शोकेसवर ते ठेवलं. बाहेर ऊन, पडदे ओढलेले, आत अकरा माणसं एकाच वेळी बोलत होती. आकडा वर वर चढत गेला आणि सोळाशेच्याही पुढे गेला. मला वाटलं, आता रागावतील. तर त्या आकड्याकडे बघत म्हणाले, "हे यंत्र दुसरं काही मोजत नाही, धाकटे. माणसांनी सोडलेला श्वास मोजतं." आणि स्वतः उठून खिडकी उघडली. जाताना यंत्र शोकेसवरच राहू दिलं. या वेळी विसरले नव्हते.

मुलगा नोकरीसाठी बाहेर गेला. भिंतीची बाहेरून नीट दुरुस्ती झाली, बुरशी गेली. रविवारी आता आम्ही दोघं असतो. जेवणाच्या वेळेला भाऊजींचा फोन येतो. ताईचे गुडघे सांगून होतात, नाशिकची हवा कोरडी असल्याची तक्रार होते, आणि मग ते न चुकता विचारतात, "आकडा किती?" परवाच्या रविवारी मी चष्मा लावून बघितलं आणि जरा ऐटीतच सांगितलं, "पाचशे दहा."

भाऊजींचा पुढचा प्रश्न लगेच आला.

"खिडकी?"

"उघडी आहे."

"घरात कोण कोण?"

"आम्ही दोघंच."

"मग तो आकडा धरायचा नाही, धाकटे," भाऊजी म्हणाले. "खाली शेरा मारून ठेवा."

इतकी चांगली हवा आमच्या घरात पूर्वी कधीच नव्हती. मी फोन ठेवला, कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकोनात ५१० लिहिलं, आणि खाली, जमेल तितक्या टपोऱ्या अक्षरात: खोली वापरात असताना पुन्हा मोजावे.